‘आयरेनिक’ या विशेषणाविषयी

मंडळ्यांमधील मतभेदांवरील इंग्रजी ग्रंथ वाचू लागले म्हणजे ‘आयरेनिक’ हे विशेषण वारंवार भेटते. प्रतिपक्षाचे खंडन करणारे ते ‘पोलेमिक’, आणि त्याच्या उलट ते ‘आयरेनिक’. याला ‘शांत’ हा प्रतिशब्द आम्हांस पुरेसा वाटत नाही. शांतपणा हा स्वभाव झाला. आयरेनिक लेखनाला तुटलेले सख्य जोडण्याचा हेतू असतो.

शब्दाचे मूळ हेल्लेणी ‘एइरेने’, म्हणजे शांती. जुन्या हेल्लेणी लेखकांत तिचा अर्थ मुख्यत्वे युद्धाचा अभाव एवढाच. परंतु इब्री शास्त्राचे हेल्लेणी भाषांतर करणाऱ्यांनी ‘शालोम’साठी हाच शब्द घेतला, आणि क्षेम, पूर्णता, नीट जुळलेले नाते हा आशय त्यात आला. नव्या करारात त्याचे विशेषण दोनदाच येते : इब्री 12:11 मध्ये शिक्षेच्या फळाला, व याकोब 3:17 मध्ये वरून येणाऱ्या ज्ञानाला. हे ज्ञान प्रथम शुद्ध व मग शांतिशील, असा क्रम याकोब मुद्दाम लावतो. उपदेशकांनी तो विसरू नये.

ल्योंचा बिशप इरेनियस याचे नावही याच शब्दावरून आहे. आशिया प्रांतातील मंडळ्या वल्हांडण निसान महिन्याच्या 14 व्या दिवशी पाळीत, रोमकर पुनरुत्थानाचा सण रविवारी. इ. स. 190 च्या सुमारास रोमचा बिशप विक्टर आशियाकरांना सहभागितेतून तोडू लागला. तेव्हा स्वतः रविवार पाळणाऱ्या इरेनियसने त्याला लिहिले की, अनिकेत व पॉलिकार्प यांचे याच बाबतीत एकमत झाले नाही, तरी ते सख्याने वेगळे झाले. तो नावाप्रमाणे वागला, असे इतिहासकार युसेबियस म्हणतो. आणि पाखंडांच्या खंडनार्थ पाच पुस्तके लिहिणाराही हाच इरेनियस! कोणत्या भेदापायी मंडळी तोडू नये, हे त्याने ओळखले होते.

नाव दिले म्हणजे गुण येतोच असे नाही. इंग्लंडात प्यूसी यांनी 1865 साली रोमी मंडळीशी ऐक्याविषयी ‘आयरेनिकॉन’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यावर न्यूमन यांनी, आपण जैतुनाची फांदी गोफणयंत्रातून फेकता, अशा आशयाचा टोला दिला. उलट बाजूने, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ऐक्यविषयक आदेशात खोट्या सलोख्याचा निषेध केला. कारण त्याने सिद्धांताची शुद्धता बिघडते.

म्हणून ग्रंथांत आम्ही ‘शांतिसाधक’ हा शब्द सुचवितो. गावच्या सभेत ‘सलोख्याचे बोलणे’ म्हटले तरी चालेल. मात्र गुळमुळीत बोलण्याला ते नाव देऊ नये.