चारचौघांत ठरलेलं गुपित

‘आम्ही चार दिवस गावाला चाललोय. तुळशीला पाणी घाला, दूधवाल्याला नाही म्हणून सांगितलंय.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा निरोप कुणी ना कुणी टाकतच असतं. शेजाऱ्यासाठी ते हक्काचं काम असतं. नको त्याच्या हाती हाच निरोप पडला, तर कुठल्या घराला चार दिवस कुलूप आहे याची ती पक्की खबर ठरते. कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाची मुलगी शाळेतून किती वाजता येते, किल्ली कुणाकडे ठेवली आहे, हे सगळं शेजाऱ्याला माहीत असावं लागतं आणि बाकी कुणालाही माहीत नसावं लागतं.

आता या निरोपाची वाट बघा. तिसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर जायला चालत मिनिटभर पुरे. निरोप मात्र घरातल्या वायफायमधून किंवा जवळच्या टॉवरवरून निघतो, इंटरनेट कंपनीच्या तारांमधून कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथून वळून पाचव्या मजल्यावर येतो. वाटेत अनेक यंत्रांच्या हातांतून जाऊनही तो त्यांपैकी एकालाही वाचता येत नाही. निरोप सांकेतिक रूपात जातो आणि तो उलगडण्याची किल्ली फक्त दोन्ही टोकांच्या फोनमध्ये असते. खरं नवल पुढेच आहे. ती किल्ली या फोनांनी कधी ठरवली? ते तर कधी एकमेकांशेजारी ठेवलेलेही नसतात. किल्ली ठरली तीही त्याच उघड्या वाटेवर, सगळ्यांच्या देखत.

गुप्त लिपी वापरायची तर दोन्ही बाजूंनी आधी भेटून किंवा विश्वासू माणूस धाडून किल्ली ठरवायलाच हवी, असं शतकानुशतकं मानलं जात होतं. राजांचे जासूस असोत की सैन्याच्या संकेतवह्या, ही अडचण कुणालाच चुकली नव्हती. १९७६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ती सोडवून दाखवली. त्यांची युक्ती समजायला गुणाकार आणि भागाकार आला की पुरे.

समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि पाचव्या मजल्यावरचे आजोबा यांना दोघांपुरता एक गुप्त आकडा, म्हणजेच किल्ली, ठरवायचा आहे. अट एवढीच, की दोघांनी आपापल्या गॅलरीतून मोठ्याने बोलायचं आणि सगळ्या इमारतीने ते ऐकायचं.

आधी दोघं उघडपणे दोन आकडे ठरवतात: ७ आणि २३. मग काकू मनात ४ हा आकडा धरतात आणि तो कुणालाच सांगत नाहीत. चार वेळा ७ घेऊन गुणतात: ७ × ७ × ७ × ७ = २४०१. त्याला २३ ने भागलं की बाकी उरते ९. काकू ओरडून सांगतात, ‘नऊ!’ आजोबांनी मनात धरलेला आकडा ३. तेही ७ × ७ × ७ = ३४३ करतात, २३ ने भागतात, बाकी २१. ते सांगतात, ‘एकवीस!’

आता काकू आजोबांचा २१ घेतात आणि आपल्या मनातल्या ४ प्रमाणे चार वेळा गुणतात. येतात १,९४,४८१. २३ ने भागल्यावर बाकी १६. आजोबा काकूंचे ९ घेतात, आपल्या ३ प्रमाणे तीन वेळा गुणतात. येतात ७२९. २३ ने भागल्यावर बाकी पुन्हा १६!

इमारतीने ७, २३, ९ आणि २१ हे चारही आकडे ऐकले. १६ कुणीच उच्चारला नाही, तरी तो दोघांकडे आहे. कॅल्क्युलेटर घ्या आणि मनातले आकडे बदलून करून बघा. दोघांची बाकी दर वेळी जुळेल, कारण दोघांनीही शेवटी ७ ला ४ × ३ म्हणजे बाराच वेळा गुणलेलं असतं, फक्त क्रम वेगळा.

ऐकणाऱ्याला १६ काढायचा असेल, तर ७ ला किती वेळा गुणल्यावर ९ बाकी उरते, हे उलट शोधावं लागतं. आकडा २३ असेल तर तो दोन मिनिटांत शोधेल. फोनमध्ये २३ च्या जागी तब्बल ७७ अंकी मूळ संख्या असते: २ चा २५५ वा घात, वजा १९. तिथे साध्या गुणाकाराच्या जागी एका विशिष्ट वक्रावरच्या बिंदूंची बेरीज येते, पण तत्त्व हेच. सरळ बाजूचं गणित फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. उलट बाजूने ते सोडवायला मात्र आजच्या सगळ्या संगणकांना एकत्र जुंपलं तरी आयुष्य पुरणार नाही.

ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत माल्कम विल्यमसन यांना हीच युक्ती त्याआधीच, १९७४ च्या सुमारास सुचली होती. ते काम सरकारी गुपित म्हणून बंद राहिलं आणि १९९७ मध्ये जाहीर झालं. डिफी आणि हेलमन यांनी मात्र आपला शोध सगळ्यांपुढे मांडला. २०१५ चं ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने शंभर कोटींहून जास्त लोकांच्या फोनमध्ये टोकापासून टोकापर्यंतचं हे संरक्षण सुरू केलं. त्यासाठी मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी घडवलेली ‘सिग्नल’ या मेसेजिंग ॲपची पद्धत घेतली.

या पद्धतीत प्रत्येक निरोपाला नवी किल्ली असते. आधीच्या किल्लीवर एक गणिती प्रक्रिया होऊन पुढची तयार होते, आणि वापरलेली पुसून टाकली जाते. विरजलेल्या दह्याचं जसं पुन्हा दूध होत नाही, तसं नव्या किल्लीवरून जुनी काढता येत नाही. आज एखादी किल्ली चोरीला गेली, तरी तिने कालचे निरोप उघडत नाहीत.

साठ घरांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक निरोप साठ वेळा वेगवेगळा बंद करत बसणं फोनला जड जाईल. म्हणून ग्रुपमध्ये पहिल्यांदा लिहिताना तुमचा फोन तुमच्यासाठी एक खास किल्ली बनवतो आणि ती प्रत्येक शेजाऱ्याला दोघांपुरत्या गुप्त वाटेने वेगवेगळी पोचवतो. पुढे निरोप एकदाच बंद होतो आणि सर्व्हर त्याच्या प्रती वाटतो, आत काय आहे ते न कळता. कुणी भाडेकरू घर सोडून गेला आणि ग्रुपमधून बाहेर पडला, की उरलेल्या सगळ्यांचे फोन आपापल्या जुन्या किल्ल्या टाकून नव्या बनवतात. सोसायटीच्या गेटचं कुलूप इतक्या तत्परतेने कुणी बदलत नाही!

तरी गणिताला एक प्रश्न सुटत नाही. ‘एकवीस!’ म्हणून ओरडणारे आजोबाच होते हे कशावरून? चौथ्या मजल्यावरचा कुणी काकूंशी आजोबांच्या आवाजात आणि आजोबांशी काकूंच्या आवाजात बोलला, तर तो दोघांशी वेगवेगळे गुप्त आकडे ठरवेल आणि मधे बसून सगळं वाचेल. आकडेमोड बिनचूक असूनही गुपित फुटेल.

त्यावरचा उपाय फोनमध्येच आहे. व्हॉट्सॲपवर शेजाऱ्याच्या नावावर टॅप करून ‘एन्क्रिप्शन’ हा पर्याय उघडला, की पाच-पाच अंकांचे बारा गट दिसतात, असे ६० अंक. त्यातले ३० तुमची ओळख पटवणाऱ्या किल्लीवरून येतात आणि ३० शेजाऱ्याच्या तशाच किल्लीवरून. दोन्ही फोनवर ते तंतोतंत जुळले, तर मधे कुणी नाही. ते ताडून बघायचे तर समोरासमोर बसणंच उत्तम. न्यूयॉर्कमधल्या भाच्याच्या बाबतीत हे सहजी जमत नाही. शेजाऱ्याच्या बाबतीत दोन जिने चढले की झालं. जगातलं इतकं प्रगत गणित ज्या एका ठिकाणी अडतं, तिथे शेजाऱ्याचं दार उपयोगी पडतं. ग्रुपच्या किल्ल्याही याच दोघादोघांच्या वाटेने जातात, म्हणून त्या वाटा तपासल्या की ग्रुपलाही बळकटी येते.

शेजाराचा आणखी एक फायदा म्हणजे इंटरनेटशिवायही बोलता येतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत अनेकांचे फोन लागेनासे झाले होते. आज अँड्रॉइड फोनवर ‘ब्रायर’सारखं विनामूल्य ॲप मिळतं. त्यात निरोप ब्लूटूथ किंवा वायफायवरून थेट एका फोनवरून जवळच्या दुसऱ्या फोनवर जातो, मधे सर्व्हर नाही. त्यात ओळख जोडायची एक रीतही शेजाऱ्यांना शोभेल अशीच आहे: समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या फोनचा क्यूआर कोड टिपायचा.

व्हॉट्सॲपच्या या संरक्षणाच्या मर्यादा समजायला सोप्या आहेत. मजकूर गुप्त राहतो, पण कोण कुणाला केव्हा लिहितं हे सर्व्हरला दिसू शकतं. क्लाउडवरचा बॅकअप वेगळा कुलूपबंद करावा लागतो. व्हॉट्सॲपने ती सोय २०२१ मध्ये दिली, पण ती आपण चालू करायची असते. आणि स्क्रीनशॉट काढून बाहेर पाठवणाऱ्या सभासदाला कुठलंच गणित अडवू शकत नाही.

म्हणून तीन गोष्टी या आठवड्यातच करा. ग्रुपची लिंक बाहेर फिरत असेल तर ती रद्द करा आणि नव्या माणसाला अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश मिळणार नाही असं ठरवा. बॅकअपचं संरक्षण चालू करा. आणि ज्या शेजाऱ्याकडे तुमच्या घराची किल्ली असते, त्यांच्याकडे फोन घेऊन जा आणि ते ६० अंक शेजारी बसून जुळवून बघा.