पेशीचे दार उघडले, पाड्यावर कधी पोहोचणार?

सिकलसेल म्हटले की 'जातीचा रोग' अशी कुजबुज होते. विदर्भातील बौद्धांबद्दल झाली, आमच्या नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-पेठच्या आदिवासींबद्दलही होते. ती आधी खोडून काढू. जिथे मलेरिया होता तिथे हा दोष टिकला. कारण एकाच पालकाकडून तो आलेल्या मुलाला गंभीर मलेरियापासून बरेचसे संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरबस्तानातही हा आजार आहे. तिथे कोणती जात शोधणार?

दोष डीएनएतील एका अक्षराचा. त्याने हिमोग्लोबिन बदलते. प्राणवायू कमी झाला की त्याचे ताठ धागे बनतात आणि तांबड्या पेशीचे लवचिक आवरण आतून ताणले जाऊन विळ्यासारखे वाकते. निरोगी पेशी स्वतःहून बारीक केशवाहिनीतून अंग चोरून निघते, ही अडकते. रुग्णाच्या त्या जीवघेण्या कळा तिथल्याच.

मग दुरुस्ती का होत नाही? तांबड्या पेशीत डीएनएच नसतो, म्हणून अस्थिमज्जेतील मूळपेशींत शिरावे लागते. तिथे आवरण आडवे येते. स्निग्ध रेणूंचा हा दुहेरी थर जेमतेम ५ नॅनोमीटर जाड, पण आतून तेलासारखा. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो; तो तेलातून जात नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित स्निग्ध रेणूंच्या सोबतीने डीएनए आत पोहोचवला. दुसरी युक्ती विजेच्या झटक्याची : आवरणाला बारीक छिद्रे पडतात आणि नंतर आपोआप बुजतात. या दुसऱ्या वाटेने जनुकाची कात्री आत सोडणारा उपचार अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. ती कात्री बिघडलेले अक्षर बदलत नाही, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करते. किंमत २२ लाख डॉलर!

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेचा 'बिरसा १०१' हा देशी उपचार जाहीर झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे जात आहे. नाव बिरसांचे, पैसा जनतेचा. मग किमतीची अट काय? सरकारने हा करार लोकांपुढे ठेवावा. २०१२ मध्ये पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. कायद्यात वाट आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. पहिले पत्र तिथूनच दिल्लीला गेले पाहिजे.