अंगणातली फरशी का उचलली जाते?

छत्रपती संभाजीनगरमधल्या जुन्या वसाहतींत फिरताना घरापुढची अंगणे पाहावीत. बहुतेक ठिकाणी शहाबादी फरशी दिसते, आणि बहुतेक ठिकाणी ती कुठेतरी हललेली असते. एखादी फरशी कोपऱ्यावर वर आलेली, शेजारची खचलेली, मधल्या फटीत गवत आणि मुंग्यांची वारुळे. आमचे अंगणही असेच होते. त्यात एका पावसाळ्यात आजींचा पाय वर आलेल्या कडेला अडखळला आणि मनगट मोडले. मग मात्र अंगण नव्याने करायचे ठरले. दिवाळीच्या सुट्टीत, शक्यतो स्वतःच्या हातांनी.

खरे तर हे आमचे दुसऱ्यांदा करणे होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्हीच जुनी फरशी काढून, खाली दोन बोटे वाळू पसरून ती पुन्हा बसवली होती. काम सुबक दिसत होते. पहिल्या पावसाळ्यातच कडा वर आल्या आणि पाणी घराच्या जोत्याकडे वळले. पुढच्या उन्हाळ्यात जोत्याजवळ भिंतीला तिरकी चीर दिसू लागली. चूक फरशीत नव्हती, वाळूतही नव्हती. ती त्याखालच्या काळ्या मातीत होती, आणि मे महिन्यात होती.

आपला हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. हा दगड झिजत, कुजत गेला की आधी मुरूम होतो आणि पुढे त्याचीच काळी माती होते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेली अतिशय पातळ पाने. पाणी या पानांच्या मध्ये शिरते, पाने दूर सरतात आणि माती फुगते. पाणी गेले की पाने जवळ येतात आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमात हे खनिज फार कमी, म्हणून तो ओला झाला तरी जवळजवळ तेवढाच राहतो.

हा फरक वर्गात सहज दाखवता येतो. वाळवून, बारीक चाळलेली काळी माती १० ग्रॅम घ्यावी. १०० मिलिलिटरच्या एका मोजपात्रात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घेऊन प्रत्येकात १० ग्रॅम माती टाकावी, ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि एक दिवस स्थिर ठेवावे. रॉकेल त्या पानांच्या मध्ये शिरत नाही, म्हणून तिथली माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये मातीचे आकारमान १० मिलि आणि पाण्यात १८ मिलि भरले, तर फुगवटा ८० टक्के झाला. अभियंते हीच चाचणी बांधकामाआधी करतात. आता रॉकेल सहजी मिळत नाही. तेव्हा दोन्ही पात्रांत पाणी घेऊन एकात काळी माती आणि दुसऱ्यात चाळलेला मुरूम टाकला तरी विद्यार्थ्यांना हवे ते दिसते.

आता मे महिन्याची चूक लक्षात येईल. तेव्हा माती वाळून आकसलेली असते. त्या आकसलेल्या मातीवर आपण सपाट फरशी बसवतो. पाऊस पडला की पाणी आधी कडांखाली शिरते, कडा उचलतात, मध्यभाग कोरडा म्हणून खालीच राहतो. उन्हाळ्यात उलटे होते, कडा आधी वाळून खचतात आणि मध्यभाग फुगीर दिसतो. दरवर्षी हा हिंदोळा चालू राहतो. पावसाळ्यानंतर, मातीत बेताची ओल असताना काम करणे म्हणूनच बरे. त्या दिवसांत सिमेंटही लवकर सुकत नाही, हा आणखी एक फायदा.

फरशीविषयीही थोडे सांगायला हवे. आपल्या पायाखाली बेसाल्ट असताना शेकडो किलोमीटरवरून, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून दगड का यावा? कारण बेसाल्टचे पातळ, सपाट पापुद्रे निघत नाहीत. शहाबादी हा चुनखडक. तो पाण्याखाली थराथराने साचला, म्हणून पहारीने थरावरच फुटतो आणि आयती फरशी मिळते. (१९४८ पर्यंत शहाबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही गावे निजामाच्याच राज्यात होती, हे इतिहासाच्या शिक्षकांच्या उपयोगी पडावे.) फरशीवर खिळ्याने ओरखडून निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस टाका, बारीक फेस येईल. तो कार्बन डायऑक्साइड. सिमेंटचे डाग काढायला अनेक जण फरशीवर अॅसिड ओततात. त्याने डागाबरोबर फरशीही विरघळते, हे या फेसावरून कळते.

आमचे अंगण घराच्या भिंतीलगत ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, म्हणजे २० चौरस मीटर. दोन फुटी फरशी साधारण ६० सेंटिमीटर चौरस आणि ३ सेंटिमीटर जाड धरली, तर तिचे वजन सुमारे २९ किलो भरते. ती एकट्याने उचलू नये. अशा ५६ फरश्या लागतात. प्रत्येकीवर नाणे वाजवून पाहिले. खणखणीत वाजली ती चांगली, बद्द वाजली तिला चीर. चाळीस फरश्या चांगल्या निघाल्या. त्यांची झिजून गुळगुळीत झालेली बाजू खाली केली, म्हणजे नवी, खरखरीत बाजू वर आली. सोळाच विकत आणाव्या लागल्या.

खोदकाम मात्र हौसेचे नाही. जुन्या वाळूखालची ३० सेंटिमीटर काळी माती काढायची म्हणजे ६ घनमीटर, वजनाने जवळजवळ १० टन. दोन मजूर लावले आणि लावायलाच हवे होते. भिंतीलगत पायाखाली खणायचे नाही, एवढे लक्ष आम्ही ठेवले. मुरूम ब्रासवर मिळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. सहा घनमीटरला दोन ब्रास पुष्कळ झाले, असा हिशेब करून मागवला आणि तो सपशेल कमी पडला. ट्रकमधला मुरूम सैल असतो, ठोकल्यावर बसतो. शेवटी आणखी अर्धा ब्रास आणला. दहा-दहा सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी शिंपडणे, मग धुम्मसने ठोकणे. पाणी बेताचेच हवे. कोरडे कण एकमेकांवर सरकत नाहीत आणि फार पाणी झाले तर तेच जागा अडवून बसते. मूठभर मुरूम दाबला की गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये.

उतार हा या कामाचा जीव. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहराला नहरींतून पाणी दिले ते उताराच्या जोरावर. आपल्याला तर चारच मीटर पाणी वाहून न्यायचे आहे. दर ८० ला १ असा उतार धरला, म्हणजे भिंतीपासून ४ मीटरवर ५ सेंटिमीटर खाली. पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोके उभी धरावीत. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत राहते, मात्र नळीत बुडबुडा अडकला तर उत्तर चुकते. काटकोनासाठी दोरीवर ९०, १२० आणि १५० सेंटिमीटरचा त्रिकोण केला. पायथागोरसचा हा उपयोग गवंडी पुस्तक न वाचता रोज करतो.

तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर या अंगणावर ५०० लिटर पाणी जमते. ते गटारात सोडावे असे वाटेना. पैठणच्या नाथसागरातून पंपांनी चढवून आणलेले पाणी या गावात किती दिवसांआड येते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. घरापासून दूरच्या टोकाला शोषखड्डा केला, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणला. आमच्याकडे तो दीड मीटरवर लागला. खड्डा काळ्या मातीतच संपवला तर पाणी झिरपत नाही, उलट सगळी आसपासची माती फुगते.

मुरमावर एकास सहा प्रमाणात सिमेंट-वाळूचा ५ सेंटिमीटर थर सलग पसरला. त्याला साडेपाच पोती सिमेंट लागले. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून वर फरशी टेकवण्याची घाईची पद्धत कुठे कुठे दिसते. तिच्यात फरशीखाली पोकळी राहते, जड वस्तू पडली की फरशी मधोमध फुटते. हातमोजे घालावेत, कारण ओले सिमेंट अल्कधर्मी असते आणि कातडी भाजते. फरशी कापायचे यंत्र मुलांच्या हाती देऊ नये. कापताना पाणी सोडावे आणि नाकावर मास्क बांधावा.

दोन फरश्यांमध्ये ५ मिलिमीटर फट ठेवली. चुनखडक दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.००८ मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत फरशीच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर ५ मीटर लांबीत २ मिलिमीटर वाढ होते. भिंतीलगत फरशी घट्ट ठोकून बसवली तर या वाढीला जागा उरत नाही. म्हणून भिंतीशी बोटभर फट सोडून ती डांबराने भरली. बाकी दर्जा सिमेंटने भरल्या. सात दिवस ओले गोणपाट अंथरले. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून होते. एक किलो सिमेंटला रासायनिक क्रियेसाठीच सुमारे पाव किलो पाणी लागते.

चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर रंगाच्या खुणा केल्या आहेत. दर मे आणि दर सप्टेंबरमध्ये त्याच नळीने त्यांची उंची मोजून वहीत लिहितो. पहिल्या वर्षी नळाजवळचा कोपरा ३ मिलिमीटर वर आला, बाकीच्या खुणा जागच्या जागी होत्या. नळाची तोटी गळत होती. ती बदलली.