लातेस: श्रेयाच्या नोंदींची पंचवीस वर्षं

ब्राझीलमध्ये संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा अनुदानासाठी अर्ज करायचा, तर आधी ‘लातेस’ या ऑनलाइन व्यवस्थेत स्वतःचा बायोडेटा भरलेला लागतो. ऑगस्ट १९९९मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएनपीक्यूनं, ही व्यवस्था सुरू केली. नाव दिलं भौतिकशास्त्रज्ञ सेझार लातेस यांचं. १९४७च्या पाय-मेसॉन या सूक्ष्म कणाच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. बोलिव्हियातल्या चाकालताया पर्वतावर फोटोग्राफिक इमल्शन ठेवून मिळवलेला पुरावा त्यांच्यामुळे हाती आला. १९५०चं नोबेल मात्र गटाचे प्रमुख सेसिल पॉवेल यांना एकट्याला गेलं. ज्यांच्या श्रेयाचीच पुरती नोंद झाली नाही, त्यांचं नाव श्रेयाच्या नोंदवहीला मिळालं!

संशोधकांची माहिती साठवण्याचे प्रयत्न ऐंशीच्या दशकापासूनच चालू होते. नवीन होतं ते सगळ्यांना एकच साचा देणं, आणि ती माहिती कुणालाही पाहता येणं. २०१०मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्युलिया लेन यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात लातेसचा उल्लेख चांगल्या कामाचा नमुना म्हणून केला. मला वाटतं, या यशाचं खरं कारण तंत्रज्ञान नव्हे, सक्ती. पैसा अडला की पांडित्यालाही रकाने भरायची शिस्त लागते. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेनं ‘विद्वान’ ही संशोधकांची अशीच नोंदवही उभारली. त्यामागे असं पैशाचं बळ नसल्यानं अनेक नोंदी एकदा भरल्या की तशाच पडून राहतात, असं माझं निरीक्षण आहे.

लातेसमधली माहिती संशोधक स्वतःच भरतो, त्यामुळे थापांना वाव राहतोच. जून २०२०मध्ये अध्यक्ष बोल्सोनारोंनी कार्लोस अल्बेर्तो देकोतेली यांना शिक्षणमंत्री नेमलं. त्यांच्या लातेसमध्ये अर्जेंटिनातल्या रोझारिओ विद्यापीठाची डॉक्टरेट होती. ती मिळालेलीच नाही, असं त्या विद्यापीठाच्या कुलगुरूंनीच जाहीर केलं. आठवड्याच्या आत मंत्रिपद गेलं. नोंद खोटी असली तरी उघड्यावर होती, म्हणून पकडली गेली. कपाटात बंद असलेल्या बायोडेटाची अशी तपासणी कोण करणार?

जुलै २०२१मध्ये सर्व्हर बिघडला आणि लातेस जवळपास दोन आठवडे बंद राहिलं. सगळा डेटा गेला, अशा अफवा उठल्या. माहितीची राखीव प्रत असल्याचं परिषदेनं सांगितलं. तरी अर्जांच्या मुदती वाढवाव्या लागल्या. देशभरच्या संशोधकांची कुंडली एका ठिकाणी ठेवण्याचा धोका तेव्हा सगळ्यांनाच दिसला.

त्याच वर्षी एक छोटा बदलही झाला. बाळंतपणानंतर स्त्री-संशोधकांच्या नोंदीत एखाद-दुसरं वर्ष रिकामं दिसायचं आणि छाननी करणारे त्याचा अर्थ आळस असा लावायचे. ‘पॅरेंट इन सायन्स’ या गटाच्या पाठपुराव्यानंतर प्रसूती रजेसाठी लातेसमध्ये वेगळी जागा मिळाली. बावीस वर्षं शोधनिबंध, पेटंट, व्याख्यानं सगळ्यांना रकाने होते. मूल झाल्याची नोंद करायला नव्हता. आता आहे, पण ती नोंद वाचून गुण कसे द्यायचे, हे तेव्हा छाननी समित्यांच्याच हातात राहिलं.