प्रश्न वॉर्डातला, उत्तरही वॉर्डातलेच

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले तेही त्याच वर्षी, जूनमध्ये. वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला मात्र २०२४ साल उजाडावे लागले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचे नाव होते. मधल्या काळात, २०१८ मध्ये, केंद्र सरकारने हा जिल्हा 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे राहिलेला, ठरवला; महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे त्याचे सोबती होते. आता महाविद्यालय आले म्हणजे खाटा किती, प्राध्यापक किती, यंत्रे कोणती, याची चर्चा होणार आणि ती व्हायलाच हवी. पण त्या चर्चेत एक विषय सहसा येत नाही, तो म्हणजे परिचारिकांचे संशोधन. विद्यापीठाशी जोडलेल्या नर्सिंगच्या विभागाने खाटेजवळचे प्रश्न घेऊन, रुग्णाला काय फरक पडला हे मोजणारे संशोधन केले, तर वाशिमसारख्या जिल्ह्याला त्याचा जितका उपयोग होईल तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा होईल. त्यासाठी नवा पैसा थोडा लागेल. आज जे संशोधन नावापुरते होते आहे त्याची दिशा मात्र बदलावी लागेल.

आज काय होते ते आधी पाहू. एम. एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध सादर करावा लागतो, बी. एस्सी.लाही संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय असून गटाने प्रकल्प करायचा असतो. म्हणजे कागदावर संशोधनाची शक्ती मोठी आहे. पण या प्रबंधांचा एक साचा सगळ्या देशात रुळला आहे. एखादा आजार किंवा सवय घ्यायची, साठ जणांना प्रश्नावली द्यायची, मग अर्ध्या तासाचा 'नियोजित शिक्षण कार्यक्रम' घ्यायचा आणि आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढलेले दिसतात, कारण उत्तरे नुकतीच सांगितलेली असतात. निष्कर्ष ठरलेला: कार्यक्रम परिणामकारक आहे. या कामात विद्यार्थ्यांच्या मेहनतीला नाव ठेवायला जागा नाही. सिनॉप्सिस मंजूर करून घेणे, एथिक्स कमिटीपुढे जाणे, टूल तज्ज्ञांकडून तपासून घेणे, पायलट स्टडी करणे हे सारे ते पाळतात. उणीव प्रश्नाच्या निवडीत आहे. मातेला स्तनपानाबद्दल किती माहिती आहे हे मोजले जाते; तिचे बाळ पहिल्या तासात छातीशी लागले का, त्याचे वजन वाढले का, हे मोजायचे राहून जाते. माहिती आणि परिणाम यांच्यामध्ये घर, सासर, मजुरी, खाटेची उपलब्धता असे पुष्कळ काही उभे असते. ते ओलांडले गेले की नाही, हे प्रश्नावली सांगू शकत नाही.

शुश्रूषेतला अस्सल प्रश्न कसा असतो, याची उदाहरणे जगात आहेत. लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने वृद्ध रुग्णांच्या पाठीला होणाऱ्या जखमांचा, म्हणजे बेडसोअरचा अभ्यास केला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेला चोळायच्या नाना औषधांवर वॉर्डांचा तेव्हा मोठा भरवसा होता. अभ्यासात दिसले की खरा फायदा वेळच्या वेळी कूस बदलण्याने, शरीराच्या एकाच भागावरचा दाब हटवण्याने होतो. जखम होण्याचा धोका कोणाला अधिक आहे हे ठरवणारी नॉर्टन यांची गुणपट्टी त्यातूनच आली. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. सलाईनसाठी शिरेत बसवलेली इंट्राकॅथ तीन-चार दिवसांनी बदलायचीच, असा नियम अनेक देशांत होता. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड या परिचारिका-संशोधिकेने क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांतील ३,२८३ रुग्णांवर तो तपासला. एका गटात ठरावीक काळाने सुई बदलली, दुसऱ्यात सूज, दुखणे, गळती असे कारण दिसले तरच. शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, सात टक्के निघाले. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास आला आणि रुग्णांचे विनाकारण टोचणे, परिचारिकांचा वेळ आणि साहित्याचा खर्च वाचवण्याचा रस्ता खुला झाला. दोन्ही प्रश्न परिचारिकेच्या रोजच्या हातकामातले होते, आणि दोन्हींचे उत्तर रुग्णाच्या शरीरावर मोजले गेले.

महाराष्ट्रालाही अशा संशोधनाची परंपरा आहे, मात्र ती नर्सिंग महाविद्यालयांच्या बाहेर वाढली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला श्वास घेता येत नसेल तर काय करायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखायची आणि गरज पडल्यास प्रतिजैविक कसे द्यायचे, हे त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवली गेली. तीन वर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले आणि पुढे 'आशा'मार्फत घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी पातळ ॲसेटिक ॲसिड लावून, म्हणजे एका अर्थी व्हिनेगरनेच, डोळ्यांनी तपासणी केली. त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही ठिकाणी तपासणारे हात डॉक्टरांचे नव्हते. नोंदी नीट ठेवणारी, लोकांच्या दारात जाणारी, लक्षण पाहून निर्णय घेणारी प्रशिक्षित स्त्री हा त्या संशोधनाचा कणा होता. मग तीन-चार वर्षे शास्त्र शिकलेल्या परिचारिकेला हे का जमू नये?

इथे लगेच एक रास्त शंका येते. गडचिरोली आणि मुंबईच्या अभ्यासांमागे मोठ्या संस्था आणि अनेक वर्षांचा निधी होता. एका विद्यार्थिनीकडे सहा महिने आणि साठ रुग्ण असतात. शंका खरी आहे आणि तिचे उत्तर आकड्यांतच आहे. समजा, सुई बसवलेली जागा चिकटपट्टीने धरून ठेवण्याची नवी पद्धत तपासायची आहे आणि तिने सूज येण्याचे प्रमाण शंभरात तीसवरून वीसवर येईल अशी अपेक्षा आहे. एवढा फरक खरोखर असेल तर तो ऐंशी टक्के खात्रीने पकडण्यासाठी दोन्ही गटांत मिळून सुमारे सहाशे रुग्ण लागतात. साठ रुग्णांत एका गटात नऊ आणि दुसऱ्यात सहा जणांना सूज आलेली दिसेल. तीन रुग्णांचा हा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणून एकट्या विद्यार्थिनीने हा अभ्यास केला तर तो निष्फळ ठरतो. पण दहा विद्यार्थिनींनी एकच आराखडा, एकच व्याख्या, एकच नोंदपत्रक घेऊन दहा वॉर्डांत काम केले तर मिळून सहाशे रुग्ण होतात. प्रत्येकीचा प्रबंध वेगळा राहू शकतो: एकीने मधुमेही रुग्ण पाहावेत, दुसरीने मुलांचा वॉर्ड, तिसरीने खर्च. आधारभूत नोंद मात्र सामाईक. प्रत्येक प्रबंधाचा विषय नवाच हवा हा आग्रह या मार्गात सर्वांत मोठा अडथळा आहे. पाणलोटात प्रत्येकाने आपापल्या बांधाला वेगळी दिशा दिली तर पाणी अडत नाही, तसेच हे आहे.

वाशिमसाठी प्रश्न शोधायला दूर जावे लागणार नाही. जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती. शेती प्रामुख्याने सोयाबीन, तूर आणि कपाशीची. फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेला मजूर आला तर ॲट्रोपिन किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, पण बाहुली, नाडी, लाळ, छातीतला आवाज यांवर तासातासाला नजर ठेवणारी परिचारिका असते. शेजारच्या यवतमाळमध्ये २०१७ च्या फवारणीच्या हंगामात झालेल्या मृत्यूंनी या देखरेखीचे मोल दाखवून दिले. नोंदीचा साधा तक्ता वापरला तर ॲट्रोपिनची मात्रा कमी-जास्त होणे टळते का, हा तपासण्याजोगा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न पक्षाघात झालेल्या किंवा मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाचा. तो चार-आठ दिवसांत घरी जातो आणि पुढचे महिने त्याला सून, मुलगी किंवा बायको सांभाळते. तिला कूस बदलायला दाखवून, पहिल्या महिन्यात 'आशा'ची एक भेट जोडली तर बेडसोअर किती कमी होतात? तिसरा प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून गरोदर आणि बाळंत बायका दिवाळीनंतर परजिल्ह्यात जातात. त्यांच्या तपासण्यांची साखळी कुठे तुटते आणि नोंदवही त्यांच्यासोबत गेली तर ती किती टिकते? या प्रश्नांची उत्तरे पुण्या-मुंबईच्या वॉर्डात मिळणार नाहीत.

बाहेर सिद्ध झालेले इथे पुन्हा कशाला तपासायचे, असाही आक्षेप घेतला जातो. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. पद्धत गुणकारी आहे हे आता पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. पण त्या अभ्यासात आईची खाट बाळाच्या अतिदक्षता कक्षातच होती. आपल्याकडे एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, आईला दिवसातून किती तास बसता येते? वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ती किती वेळ बाळाला अंगाशी धरू शकते? सिझेरियन झालेल्या आईऐवजी आजीने धरले तर चालते का? उपचार सिद्ध होणे आणि तो आपल्या वॉर्डात पोहोचणे यांत अंतर असते, आणि ते अंतर मोजण्याची उत्तम जागा परिचारिकेची आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मनुष्यबळाचा आहे. एका पाळीत एकटी सिस्टर भरलेला वॉर्ड सांभाळत असताना तिला संशोधन सांगायचे कोणत्या तोंडाने? हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून नोंदीचे मुख्य काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या गाईडचे असावे; वॉर्डातल्या परिचारिकेवर नव्या रजिस्टराचा भार पडू नये, उलट असलेली दुहेरी रजिस्टरे कमी करता येतील का हाच पहिला प्रकल्प असावा. पण हेही ध्यानात घ्यावे की परिचारिका कमी असल्याची तक्रार पुराव्याचे रूप संशोधनामुळेच घेते. लिंडा एकन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये मांडला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी अधिक आढळली. त्या आकड्याने परिचारिकांच्या भरतीची मागणी रुग्णाच्या जिवाशी जोडली. रिक्त पदांचे निवेदन मंत्रालयात फायलीत जाऊ शकते. रिक्त पदांमुळे वाशिमच्या वॉर्डात औषधाच्या किती वेळा चुकल्या याची सचोटीने ठेवलेली नोंद नाकारणे अधिक कठीण असते.

नैतिकतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. खाटेवरचा गरीब माणूस सिस्टरला 'नाही' म्हणत नाही. तिच्यावर त्याची सेवा अवलंबून असते. टाटा मेमोरियलच्या अभ्यासावरही टीका झाली होती: तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना माहिती दिली गेली, तपासणी मात्र नाही. देशात बहुसंख्य स्त्रियांना तपासणी मिळतच नव्हती, ही संशोधकांची बाजू होती. तरी तो वाद विसरण्याजोगा नाही. त्यातून धडा असा की आज मान्य असलेली काळजी कोणत्याही गटाला नाकारू नये. नव्या पद्धतीची तुलना चांगल्या चालू पद्धतीशीच व्हावी. संमती घेणारी व्यक्ती त्या रुग्णाची शुश्रूषा करणारी नसावी, आणि तांड्यावरच्या बाईला संमतिपत्र तिच्या बोलीत, म्हणजे गोरबोलीत, समजावून सांगितले जावे. उपचारपद्धतींची तुलना करणारा प्रत्येक प्रकल्प सुरू होण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल व्हावा, म्हणजे नकोसा निष्कर्ष दडपता येणार नाही. 'फरक पडला नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण कापले जाणार नाहीत, ही हमी विद्यापीठाने द्यावी. रिकर्ड यांचा निष्कर्ष नेमका 'फरक नाही' असाच होता आणि त्याचाच उपयोग झाला.

यासाठी काय करावे लागेल ते अवाढव्य नाही. जिल्ह्यातल्या परिसेविका, अधिसेविका, नर्सिंगचे अध्यापक, डॉक्टर आणि 'आशा' यांनी एकत्र बसून पाच वर्षांसाठी तीन प्रश्न निवडावेत. नाशिकच्या विद्यापीठाने सामाईक आराखड्यातल्या प्रबंधांना स्पष्ट मान्यता द्यावी. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संख्याशास्त्रज्ञाचा वेळ आणि एथिक्स कमिटीची दारे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना खुली असावीत. निष्कर्ष ग्रंथालयाच्या कपाटात जाण्यापूर्वी मराठीत दोन पानांत लिहून तालुक्यांच्या रुग्णालयांना पाठवावेत आणि ज्या वॉर्डात अभ्यास झाला तिथे वर्षभराने जाऊन पाहावे की काही बदलले का. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये काढायला मंजुरी दिली, त्यामागचा विचारही हाच आहे की दोन्ही शिक्षणांनी एका छताखाली वाढावे. ते छत केवळ वर्गखोल्यांचे राहू नये. वाशिमचे महाविद्यालय अजून आपल्या सवयी घडवत आहे. जुन्या संस्थांना साचे मोडावे लागतात, इथे ते पडण्याआधीच चांगला साचा निवडता येईल. परिचारिकेला सूचना पाळणारी न मानता प्रश्न विचारणारी आणि उत्तर मोजणारी मानायचे, एवढा निर्णय पहिल्या काही बॅचमध्येच झाला, तर आकांक्षित म्हणून नोंदलेला हा जिल्हा इतर जिल्ह्यांना शिकवण्याइतका पुरावा उभा करू शकेल.