कुंपणाने शेत खाऊ नये

लातूरहून जहिराबादकडे जाणारा रस्ता निलंगा आणि औराद शहाजानी मागे टाकून कर्नाटकात शिरतो. सुगीत सोयाबीन, थंडीत ऊस आणि बारा महिने वाळू-सिमेंट असा मालट्रकांचा राबता या भागाला नवा नाही. वाचकहो, कधी अशा ट्रकचे तोंड निरखून पाहा. काचेवर कुलदैवताचे नाव, बंपरला लिंबू-मिरची, शेजारी काळी बाहुली आणि या सगळ्यांच्या पुढे लोखंडी पाईपांची छातीएवढी उंच जाळी. दृष्ट लागू नये म्हणून बाहुली, धक्का लागू नये म्हणून जाळी. मालकाची श्रद्धा दोन्हींवर सारखीच!

या श्रद्धेला हसण्याचे कारण नाही. ट्रक म्हणजे अनेकांच्या घरी कर्जाने आलेली लक्ष्मी. रात्री रानडुक्कर किंवा हरिण आडवे आले, रेडिएटर फुटला, की खेप बुडते. हप्ता मात्र थांबत नाही. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या धडकेपासून बचाव व्हावा म्हणून असेच भक्कम गार्ड लावण्याची पद्धत पडली. पण तिथले मैलोन्‌मैल निर्मनुष्य रस्ते वेगळे आणि आपला रस्ता वेगळा. आपल्या रस्त्यावर शाळेची पोरे आहेत, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बायका आहेत आणि एका मोटारसायकलवर बसलेले चौघांचे कुटुंबही आहे.

इथेच जाळीचा खरा प्रश्न सुरू होतो. वाहनाचा पत्रा चेपतो तेव्हा तो धडकेचा काही जोर स्वतःवर घेतो. कडक लोखंड चेपत नाही. ते जोर पुढे ढकलतो तसा मागेही, चेसिसपर्यंत पोचवते. पुढे असलेल्या माणसाला तर पाईपाचा मार थोड्याशा जागेवर बसतो. त्यात वेगाचे गणित निर्दय आहे. ताशी 40 ऐवजी 60 किलोमीटर वेग असेल, तर धडकेतली ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून अशा गार्डांवर कारवाई करण्यास सांगितले. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. युरोपातील देशांनीही 2005 मध्ये मोटारींच्या पुढच्या गार्डांना पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या कसोट्या लावल्या.

मग ट्रकवाल्याने करावे काय? कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली जाळीच वापरावी. वेल्डिंगच्या दुकानात पाईप जोडून घेऊ नयेत. चेसिसला तापवून सांधा दिला, की ती त्या जागी कमजोर होऊ शकते. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अधिक. बॅटरी न सोडवता वेल्डिंग केले, तर तीही बिघडू शकते. दिवे, इंडिकेटर किंवा नंबरप्लेट झाकणारी जाळी नको. नव्या ट्रकचे केबिन पुढे कलते केल्यावरच इंजिन दिसते. अवजड गार्ड तिथेही आडवा येतो.

देखभालीचे काम कंटाळवाणे, पण पैसे वाचवणारे. सुगीत सोयाबीनचे भुसकट आणि उसाचे पाचट जाळीत अडकते, हवा कोंडते आणि इंजिन तापते. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याचा कंडेन्सर पुढेच असला, तर त्यालाही मोकळी हवा हवी. कचरा इंजिनच्या बाजूने बाहेर, अशा दिशेने हलक्या दाबाने काढावा. जोरदार फवाऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या वाकतात. नट-बोल्ट दर महिन्याला तपासावेत. गंज दिसला, की तो खरवडून रंगाचा हात द्यावा. चेपलेली जाळी ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेली बरी.

आणि जाळीवर वाचलेला पैसा कुठे घालावा? पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी परावर्तक पट्टी लावा. ब्रेक नीट ठेवा, दिव्यांची काच पुसा. उसाच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीलाही अशा चमकत्या पट्ट्या लागल्या, तर अंधारातली पुष्कळ संकटे टळतील. सगळ्यांत मोठा गार्ड म्हणजे चालकाची झोप. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. झोपेने जड झालेल्या डोळ्यांपुढे कोणती जाळी उभी राहणार?

हा प्रश्न ट्रकवाल्यांपुरता नाही. दारातल्या जीपलाही आपण हौसेने चकचकीत पाईप बसवतो. धडक कळून एअरबॅग उघडण्याचा क्षण त्या पाईपाने चुकू शकतो आणि मग हौस घरच्याच माणसांवर उलटते. कुंपण शेतासाठी असते. रस्त्यावर चालणारी, वळणारी, घरी परतणारी माणसे हेच आपले शेत आहे. लोखंड निवडताना त्यांची आठवण ठेवली, तर गाडीही वाचेल आणि तिच्या वाटेवरची माणसेही.