‘मिसळू नका, धोका!’

टोकियोतल्या नव्या घरात सामान लावून झाले, की पहिली फेरी होते ती दुकानात. नोकरीनिमित्त तिथे गेलेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. फळीवर एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या. त्यातली कपड्यांची कोणती, भांड्यांची कोणती आणि संडासाची कोणती, हे काही केल्या कळत नाही. चित्रावरून अंदाज बांधला जातो आणि कपडे मऊ करणारे द्रावण साबण म्हणून घरी येते. ही चूक हसण्यावारी नेता येते. एक चूक मात्र जिवावर बेतू शकते.

काही बाटल्यांवर पिवळ्या आणि लाल ठळक अक्षरांत ‘माझेरुना किकेन’ असे छापलेले असते. अर्थ, ‘मिसळू नका, धोका!’ १९८६ साली तोकुशिमा प्रांतात साफसफाई करताना दोन द्रावणे एकत्र आली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांनंतर हा इशारा बाटल्यांवर आला.

यामागचे रसायनशास्त्र सोपे आहे. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. संडास स्वच्छ करण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करतो. बंद, लहान न्हाणीघरात तो पटकन साचतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लही ब्लीचमध्ये मिसळू नये.

तीन शब्द ओळखता आले तरी बरेच काम होते. ‘एन्सोकेई’ म्हणजे क्लोरीनयुक्त, ‘सान्सेई’ म्हणजे आम्लयुक्त आणि ‘सान्सोकेई’ म्हणजे ऑक्सिजनवर चालणारे, बहुतेक रंगीत कपड्यांना चालणारे ब्लीच. गोंधळ इथेच होतो, कारण शेवटच्या दोन शब्दांचे पहिले चित्राक्षर एकच आहे. ऑक्सिजन म्हणजे आम्ल बनवणारे मूलद्रव्य, या जुन्या समजुतीतून त्याचे जपानी नाव पडले आहे. त्यामुळे एका अक्षरावर न थांबता पूर्ण शब्द पाहावा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करताना केवळ नाव नव्हे, तर मागची सूचनाही वाचावी. शंका राहिलीच, तर दुकानदाराला विचारावे.

काही खुणा मात्र भाषेविना कळतात. जपानी शॅम्पूच्या बाटलीच्या कडेला बोटांना जाणवतील अशा रेघा असतात, कंडिशनरच्या बाटलीला त्या नसतात. दृष्टिहीनांसाठी केलेली ही सोय डोळ्यांत फेस गेलेल्या प्रत्येकाच्या कामी येते.

द्रावणे चुकून मिसळलीच, तर वाकून पाहत बसू नये. लगेच मोकळ्या हवेत जावे. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे. श्वासाला त्रास झाल्यास जपानमध्ये ११९ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आणि हा नियम केवळ टोकियोचा नाही. पुण्या-नाशिकच्या न्हाणीघरातही तोच वायू सुटतो. तिथे इशारा वाचता येतो, पण तो वाचायला हवा.